संगणकाच्या पोटात : झाकणावर काय लिहिलंय?

बालमित्रांनो, आज सुरुवात स्वयंपाकघरातून करू या.

आमच्या खानदेशात आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात. माझी नणंदही मागच्या आखाजीला चोपड्याला आली होती. खापरावरची पुरणपोळी झाली, आमरस झाला, रशीला फोडणी पडली. मी अंगणात पाहुण्यांना पाणी देत होते, म्हणून ताईंनीच रशीत मीठ टाकलं. पंगत बसली. पहिल्या घासाला सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, दुसऱ्या घासाला त्यांनी ताईंकडे पाहिलं. रशी गोड! आमच्या फडताळात एकसारखे नऊ स्टीलचे डबे आहेत. त्यांतल्या एकात बारीक मीठ आणि त्याच्याच शेजारच्या डब्यात पिठीसाखर. रंग तोच, पोत जवळजवळ तोच. "डब्यांना चिठ्ठ्या लावा म्हणून मी कधीची सांगतेय," सासूबाई म्हणाल्या. ते त्या खरंच कधीच्या सांगत होत्या.

सगळे हसत होते. नणंदेचा मुलगा मात्र हसता हसता म्हणाला, "मामी, अगदी हाच घोळ मी दोन दिवस सोडवत बसलोय." तो जळगावला इंजिनिअरिंग शिकतो. जेवणं झाल्यावर त्याने लॅपटॉप उघडला आणि मला जे दाखवलं ते मला इतकं आवडलं की उन्हाळ्याची सुट्टी संपल्यावर मी ते आमच्या सातवीच्या मुलांना खेळातून दाखवलं. आज तुम्हालाही सांगते.

मागच्या अंकातलं कोडं आठवतंय ना? आठ दिवे, प्रत्येक दिवा एकतर चालू नाहीतर बंद, तर किती वेगवेगळ्या तऱ्हा होतील? उत्तर २५६. अशा आठ दिव्यांच्या एका रांगेला बाइट म्हणतात. म्हणजे एका बाइटमध्ये ० पासून २५५ पर्यंतचा एक आकडा मावतो. संगणकाच्या पोटात आहेत ते एवढेच डबे. तुमचं नाव असो, तुमचं वय असो, आजीचा फोटो असो नाहीतर एखादं गाणं असो, सगळं शेवटी ० ते २५५ मधल्या आकड्यांच्या रांगेतच ठेवलेलं असतं. सगळे डबे एकसारखे स्टीलचे!

आता समजा, मला शाळेच्या संगणकावरून दुसऱ्या गावच्या संगणकाला काही माहिती पाठवायची आहे. माझ्या संगणकात ती नीट मांडून ठेवलेली असते. मुलांची यादी आहे, यादीत प्रत्येक मुलाचं नाव, वय, गुण, हजर की गैरहजर. पण तारेतून ही मांडणी जशीच्या तशी जात नाही. तारेतून जातात ते बाइट, एकामागे एक, मुंग्यांच्या रांगेसारखे. म्हणून आधी सगळं सामान उतरवून एका रांगेत लावावं लागतं आणि पलीकडे गेल्यावर त्या रांगेवरून पुन्हा तसंच घर मांडावं लागतं. या कामाला 'सिरियलायझेशन' म्हणतात. (सिरियल म्हणजे संध्याकाळी आई-आजी बघतात ती नव्हे. सिरियल म्हणजे ओळीने, एकामागून एक.)

हे काम प्रत्येकाने नव्याने करायला नको म्हणून काही हुशार माणसांनी त्याच्या आज्ञा कायमच्या लिहून ठेवल्या आहेत. अशा तयार आज्ञांच्या संचालाही लायब्ररीच म्हणतात. माझा भाचा वापरत होता तिचं नाव मेसेजपॅक. जपानच्या सादायुकी फुरुहाशी यांनी ती पद्धत तयार केली आणि आज ती जगातल्या पुष्कळ संगणकीय भाषांमध्ये वापरता येते. आणि तिचा सगळा भर सासूबाईंच्या एका वाक्यावर आहे : डब्याला चिठ्ठी लावा.

मेसेजपॅकमध्ये कुठलीही वस्तू पाठवताना पहिला बाइट सांगतो की ही वस्तू कोणत्या जातीची आहे. आकडा, मजकूर, यादी, की आणखी काही. ० ते २५५ हे सगळे आकडे त्यांनी गावातल्या घरांसारखे गल्ल्यांमध्ये वाटून टाकले आहेत.

सगळ्यात मोठी गल्ली ० ते १२७. या गल्लीतला बाइट म्हणजे सरळ तोच आकडा. पहिला बाइट १२ असेल तर वस्तू म्हणजे १२. वेगळी चिठ्ठी नाही, माल हीच चिठ्ठी! वय, हजेरी क्रमांक, चाचणीचे गुण हे बहुतेक १२७ च्या आतच असतात, म्हणून नेहमी लागणाऱ्या या सामानाला निम्मं गाव देऊन टाकलं. तिखट-मिठाचा डबा हाताशी आणि पापडाचा डबा माळ्यावर, तसंच.

मग १२८ ते १४३ ही जोड्यांची गल्ली, म्हणजे 'गाव : चोपडा' अशा नाव आणि माहिती यांच्या जोड्या. १२८ म्हणजे एकही जोडी नाही, १२९ म्हणजे एक जोडी, १३० म्हणजे दोन. १४४ ते १५९ ही याद्यांची गल्ली. १४४ म्हणजे रिकामी यादी, १४९ म्हणजे पाच वस्तूंची यादी. १६० ते १९१ ही मजकुराची गल्ली. १६० म्हणजे रिकामा मजकूर, १६१ म्हणजे पुढचा एक बाइट मजकुराचा, असं वाढत वाढत १९१ म्हणजे पुढचे ३१ बाइट मजकुराचे. शेवटच्या टोकाला २२४ ते २५५ ही उणे आकड्यांची गल्ली, २२४ म्हणजे उणे ३२ आणि २५५ म्हणजे उणे १. मधल्या १९२ ते २२३ मध्ये मोठे आकडे, अपूर्णांक, लांबलचक मजकूर, खरं, खोटं वगैरे मंडळी राहतात. आणि एक घर, १९३ नंबरचं, रिकामं आहे. ते कुणालाच द्यायचं नाही असं नियमातच लिहून ठेवलंय. मुलांना हे घर फार आवडलं. "भुताचं घर!" म्हणे.

आता आपल्या गावाचं नाव पाठवून बघू. 'चोपडा' या शब्दात अक्षरं किती? तुम्ही म्हणाल तीन : चो, प, डा. बरोबर. पण संगणक अक्षर आणि त्याला लागलेलं चिन्ह वेगळं मोजतो. च, मग त्याचा ओकार, प, ड, मग काना. झाले पाच. आणि सध्या जगभर अक्षरं लिहिण्याची जी रीत सर्वात जास्त चालते तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. पाच त्रिक पंधरा! म्हणून चिठ्ठीवर येणार १६० अधिक १५, म्हणजे १७५. आणि त्यामागे पंधरा बाइट :

२२४, १६४, १५४, २२४, १६५, १३९, २२४, १६४, १७०, २२४, १६४, १६१, २२४, १६४, १९०.

('महाराष्ट्र' करून बघा. अक्षरं चारच, पण हलन्त धरून चिन्हं दहा, म्हणून बाइट तीस आणि चिठ्ठी १९०. आमच्या वर्गात पहिल्या खेपेला फक्त दोघांनी बरोबर मोजलं. एकाने तर पाय मोडल्याच्या खुणेलाही तीन बाइट लागतात यावर माझ्याशी वाद घातला.)

हाच खेळ आम्ही सातवीच्या वर्गात खेळलो. सोळा कागदांवर हे सोळा आकडे लिहिले. एक तुकडी व्हरांड्यात, दुसरी वर्गात, मध्ये खिडकी. व्हरांड्यातली मुलं एकेक कागद खिडकीतून आत देणार आणि आतली मुलं तक्ता पाहून ओळखणार. पहिल्यांदा सगळं सुरळीत झालं. १७५ आला, "मजकूर, पंधरा बाइट!" असा ओरडा झाला, पुढचे पंधरा कागद त्यांनी मुकाट्याने ओळीत लावले आणि फळ्यावर चोपडा उमटलं.

दुसऱ्या खेपेला मी गुपचूप पहिला कागद माझ्या पर्समध्ये टाकला. आत पहिला आला २२४. तक्त्यात बघितलं, उणे ३२. लिहिलं फळ्यावर उणे ३२. मग १६४, म्हणजे मजकूर, पुढचे चार बाइट. ते चार घेतले : १५४, २२४, १६५, १३९. त्यांचं अक्षरच बनेना, कारण १५४ ने कुठलंही अक्षर सुरू होत नाही. पुढे पुन्हा २२४, पुन्हा उणे ३२. पुन्हा चार बाइटांचा मजकूर, पुन्हा कचरा. परत उणे ३२. शेवटी १६४ आला, मुलं पुढच्या चार कागदांची वाट बघत राहिली आणि खिडकीतून आला एकटा १९०. खेळ संपला. पुढच्या बाकावरचा एक पोरगा फळ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, हाई ते आपलं गाव नही शे!"

बघा, पंधरा कागद तेच, क्रम तोच, एकाचीही गडबड नाही. फक्त झाकणावरची चिठ्ठी गेली. २२४ हा आकडा चिठ्ठीच्या जागी आला तर उणे ३२ असतो आणि मजकुराच्या पोटात आला तर देवनागरी चिन्हाचा पहिला तुकडा असतो. तो स्वतःहून काहीच नसतो.

चिठ्ठी वाचणं सोपं. खरी कसोटी चिठ्ठी लिहिणाऱ्याची. पाठवायची वस्तू हातात आली की लायब्ररीला ठरवावं लागतं की ही कोणत्या जातीची. ती एकेक प्रश्न विचारत जाते. तू 'काहीच नाही' आहेस का? तू खरं-खोटं आहेस का? तू पूर्णांक आहेस का? अपूर्णांक? मजकूर? यादी? ज्या प्रश्नाला 'हो' मिळेल ती चिठ्ठी. पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी आम्ही विचारतो तसंच.

पण या प्रश्नांचा क्रम चुकला तर पंचाईत होते, हे मला भाच्याने सांगितलं तेव्हा खरं वाटेना. पायथन नावाची एक संगणकीय भाषा आहे. त्या भाषेत 'खरं' आणि 'खोटं' ही आकड्यांच्याच घराण्यातली मानतात, खरं म्हणजे १ आणि खोटं म्हणजे ०. तिथे 'खरं'ला आधी विचारलं, "तू आकडा आहेस का?" तर ते प्रामाणिकपणे "हो" म्हणतं! लगेच त्याच्यावर आकड्याची चिठ्ठी लागते आणि पलीकडे 'खरं' न पोचता नुसता १ पोचतो. "सायकल आहे का?" याचं उत्तर 'हो' आणि "भाऊ किती?" याचं उत्तर 'एक', दोन्ही १ होऊन बसतात. म्हणून शहाणी लायब्ररी खरं-खोटंचा प्रश्न आधी विचारते, आकड्याचा नंतर. खऱ्याची चिठ्ठी १९५, खोट्याची १९४. भाच्याने स्वतः लिहिलेल्या आज्ञांमध्ये हे दोन प्रश्न उलटे लागले होते आणि त्यातच त्याचे दोन दिवस गेले.

आणि एकाही प्रश्नाला 'हो' मिळालं नाही तर? तर पायथनमधली ही लायब्ररी चक्क नकार देते, "मला हे बांधता येत नाही." मला हा तिचा गुण फार आवडला. अंदाजाने काहीतरी चिठ्ठी चिकटवून मोकळं होण्यापेक्षा हे किती बरं! अशा अनोळखी वस्तूंसाठी वेगळी सोयही आहे. आपण स्वतःच ० ते १२७ मधला एखादा क्रमांक ठरवायचा आणि पलीकडच्यालाही तो सांगून ठेवायचा. उणे क्रमांक मात्र नियम करणाऱ्यांनी स्वतःकडे ठेवलेत. त्यांतला उणे १ त्यांनी तारीख-वेळेला दिलाय.

मोठी माणसंही चुकतात असा एक प्रश्न आता तुम्हाला. जळगावचा टेलिफोनचा एसटीडी कोड ०२५७. हा आकडा आहे की मजकूर? आकडाच दिसतो ना! पण आकडा म्हणून पाठवला तर संगणक पुढचं शून्य टाकून देतो, कारण ०२५७ आणि २५७ यांची किंमत एकच. लावा आता २५७ फिरवून जळगावला फोन! मग चोपड्याचा पिनकोड ४२५१०७? त्याच्या पुढे शून्य नाही, म्हणून तो आकडा म्हणून पाठवला तरी निभतं. तेव्हा चिठ्ठी लागते २०६ आणि मागे चार बाइट : ०, ६, १२४, १४७. ज्यांना पडताळून बघायचंय त्यांनी ६ ला ६५५३६ ने गुणा, १२४ ला २५६ ने गुणा, दोन्हींची बेरीज करा आणि १४७ मिळवा. मजकूर म्हणून पाठवला तर पाचऐवजी सात बाइट लागतात. तरीही मला विचाराल तर पिनकोड हा मजकूरच. दोन गावांच्या पिनकोडांची बेरीज कधी कुणी केली आहे का? ज्याची बेरीज-वजाबाकी करायची नाही ते अंकांत लिहिलेलं नाव समजावं, असं माझं मत. भाच्याला ते पटलं नाही. त्याला दोन बाइट वाचवायचे होते.

आता एक गोष्ट सांगते. ती सांगायची की नाही याचा मी जरा विचार केला, कारण तिच्यात माझीही चूक आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे चौथीचा वर्ग होता. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरची मुलगी वर्गात होती, पाढ्यांत पक्की. दिवाळीनंतर तिचे आईवडील ऊसतोडीला गेले आणि तिलाही बरोबर घेऊन गेले. तेवढ्यात गणिताची चाचणी झाली. ती नव्हती, म्हणून तिच्या नावापुढचा रकाना मी कोरा ठेवला. वाटलं, कोरं म्हणजे गैरहजर, हे कुणालाही कळेल. तो कागद पुढे गेला, कुठेतरी तो संगणकावर चढवला गेला. तिथे कोरा रकाना चालत नव्हता की काय कोण जाणे, पण कोऱ्या जागी शून्य आलं. महिन्याभराने मागे पडलेल्या मुलांची यादी परत आली. तिच्यात पहिलं नाव हिचं. गणित, २० पैकी ०.

ती परत आली तेव्हा यादी भिंतीवर लागलेली होती. तिने ती वाचली. वाचता छान येत होतं ना! मला म्हणाली, "मॅडम, मी तर पेपर दिलाच नाही. मग शून्य कुणी घेतलं?"

वडिलांच्या कानावर गेलंच. ते स्वतः शाळेत गेलेले नव्हते, पण शून्य म्हणजे काय ते कुणालाही कळतं. त्यांनी ठरवलं, हिला गणित जमत नाही, पुढच्या हंगामापासून धाकट्याला सांभाळायला बरोबरच न्यायची. मी पाड्यावर गेले, समजावलं की हे शून्य गुणांचं नाही, ती हजरच नव्हती. ते शांतपणे म्हणाले, "मग कागदावर तसं का नाही लिहिलं?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी कोरं ठेवलं होतं. गैरहजर असं मीही लिहिलं नव्हतं.

आम्ही तिची चाचणी पुन्हा घेतली. २० पैकी १६ पडले. पाचवीत ती आली.

मेसेजपॅकच्या तक्त्यात १९२ समोर मी बोट ठेवलं तेव्हा मला ती मुलगी आठवली. १९२ म्हणजे 'काहीच नाही'. शून्याची चिठ्ठी ० आहे, रिकाम्या मजकुराची १६०, रिकाम्या यादीची १४४, 'खोटं'ची १९४ आणि काहीच नसण्याची १९२. आपल्याला वरवर सगळी रिकामीच वाटतात, पण प्रत्येकाचं घर वेगळं आहे. शून्य गुण मिळाले, हे एक उत्तर झालं. गुणच नाहीत, हे दुसरं. वर्गात आम्ही यावर बराच वेळ बोललो. एक मुलगी म्हणाली, "माझ्या खिशात शून्य रुपये आहेत हे वेगळं आणि मला खिसाच नाही हे वेगळं." मला यापेक्षा चांगलं सांगता आलं नसतं.

मेसेजपॅकवाल्यांचीही एकदा अशीच फसगत झाली होती. सुरुवातीला त्यांनी मजकूर आणि इतर कच्चे बाइट, म्हणजे फोटो, आवाज वगैरे, यांना एकच चिठ्ठी ठेवली होती. दोन्ही म्हणजे शेवटी बाइटांची रांगच, मग वेगळं कशाला? पण पलीकडच्याला कळेना की या रांगेची अक्षरं करायची की तिला हात न लावता तशीच ठेवायची. ज्या भाषांमध्ये मजकूर आणि बाइट या दोन जाती वेगळ्या मानतात तिथे जास्त अडचण व्हायची. यावर पुष्कळ वादावादी झाली आणि २०१३ साली नियम बदलला. जुनी घरं मजकुराला दिली आणि कच्च्या बाइटांसाठी १९६, १९७ आणि १९८ ही नवी घरं काढली. नवी घरं काढता आली, कारण तेव्हा बरीच घरं रिकामी सोडलेली होती. सगळं गाव पहिल्याच दिवशी वाटून टाकलं असतं तर?

तुम्ही म्हणाल, मॅडम, हे जपानचं झालं, आपल्याकडचं काहीतरी सांगा. सांगते. आपल्या खानदेशातच, नंदुरबार जिल्ह्यात शहादा तालुक्यात टेंभली नावाचं लहानसं गाव आहे. देशातली पहिली आधार ओळखपत्रं तिथे २९ सप्टेंबर २०१० ला दिली गेली. तुमच्या घरच्या आधार पत्रावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन असतो ना, क्यूआर कोड, त्याच्यातही बाइटांची रांगच असते. २०१८ पासून त्या चौकोनात नाव, जन्मतारीख, पत्ता यांच्याबरोबर एक छोटासा फोटोसुद्धा असतो.

पण तिथली रीत वेगळी. तिथे प्रत्येक डब्याला चिठ्ठी नाही, दोन डब्यांच्या मध्ये कुंपण आहे. एक माहिती संपली की २५५ हा बाइट येतो, मग दुसरी माहिती, पुन्हा २५५. आपण लिहिताना स्वल्पविराम देतो तसं. कोणत्या क्रमाने काय येणार हे दोन्ही बाजूंना आधीच पाठ. आणि सुरुवातीच्या भागात ०, १, २ किंवा ३ असा एक आकडा असतो. मोबाइल आणि ईमेल यांपैकी काहीच नोंदवलेलं नसेल तर ०, फक्त ईमेल असेल तर १, फक्त मोबाइल असेल तर २ आणि दोन्ही असतील तर ३. म्हणजे 'नाही' हे कोरं सोडलेलं नाही, लिहून सांगितलंय!

या रीतीतली एक अडचण मुलांनीच शोधून काढली. फोटोच्या बाइटांमध्येच २५५ आला तर? ते कुंपण आहे की फोटो? शाब्बास! फोटो साठवण्याची जी रीत तिथे वापरलीय तिच्यात २५५ येतोच येतो, तिच्या खुणाच २५५ ने सुरू होतात. म्हणून फोटो सगळ्या कुंपणांच्या शेवटी ठेवलाय. ठरलेली कुंपणं मोजून झाली की पुढे कितीही २५५ आले तरी तिकडे लक्ष द्यायचं नाही. रांगेचे अगदी शेवटचे २५६ बाइट हे सरकारी सही-शिक्क्याचे. ते मागून मोजून घ्यायचे. कुंपणाची रीत सुटसुटीत आहे, पण मला चिठ्ठीचीच बरी वाटते. नवीन काही घालायचं झालं तर सगळ्यांना क्रम नव्याने पाठ करायला नको. (दुसऱ्या कुणाच्या आधार पत्रावरचा चौकोन मात्र न विचारता तपासायचा नाही हं. ते दुसऱ्याचं पत्र वाचल्यासारखं आहे.)

आमच्या फडताळातल्या नऊ डब्यांना आता चिठ्ठ्या आहेत. सासूबाईंनी स्वतः लिहिल्यात. आठ बरोबर आहेत. नवव्यावर त्यांनी 'इतर' असं लिहिलंय, त्यात काय असतं ते त्यांनाच माहीत!

आता या अंकाचं कोडं. एका मुलाचे चाचण्यांचे गुण मेसेजपॅकच्या रीतीने असे आले आहेत :

१४९, १८, ०, १९२, २०, १७.

एकूण चाचण्या किती होत्या? त्याने किती दिल्या? आणि दिलेल्या चाचण्यांची सरासरी किती? सहावी-सातवीच्या मुलांसाठी आणखी एक. 'तापी' हे नाव पाठवायचं असेल तर चिठ्ठीवर कोणता आकडा येईल? घाई करू नका, काना आणि वेलांटी मोजायला विसरू नका. उत्तरं पुढच्या अंकात.